निकोटिन गमचा साताठ महिन्यांचा अनुभव: काम करतो, पण आधी चहाचं वेळापत्रक बसवा

गेल्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या केमिस्टने सिगरेट सोडण्यासाठी चावायच्या निकोटिन गमची 4 एमजीची पट्टी द्यायला नकार दिला. चिठ्ठी जुनी झाली, नवीन आणा, म्हणाला. नियम त्याच्या बाजूने आहे. 2 एमजीचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 एमजीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पण त्याच्या दुकानाला लागूनच पानटपरी आहे आणि तिथे रात्री अकरापर्यंत सुटी सिगरेट मिळते. सुट्या सिगरेट-बिडीच्या विक्रीवर राज्य सरकारने 2020 साली बंदी घातली, तरी मिळते. तिथे कोणी चिठ्ठी मागत नाही, पेटवायला लायटरसुद्धा दोरीला बांधून ठेवलेला असतो. सेकंड शिफ्ट करून थकून आलेला, सिगरेट सोडायला निघालेला माणूस या दोन दुकानांच्या मध्ये उभा असतो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा होता. मी 2 एमजीच्या दोन पट्ट्या घेऊन घरी आलो. राग मात्र गेला नाही, आणि बरेच दिवस लिहायचं राहिलेलं त्या रागातच लिहायला बसलोय.

आधी मुद्द्याचं सांगतो. गम काम करतो. मी वीसेक वर्षं ओढत होतो, शेवटी शेवटी दिवसाला दहाचं पाकीट पुरत नव्हतं. आता साताठ महिने सिगरेट बंद आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोन वेगळ्या कंपन्यांचे गम वापरले आणि आतलं औषध एकच. फ्लेवरमध्ये मिंट बरा. पानाच्या फ्लेवरने मला जेवणानंतरची सिगरेट आठवायची, म्हणून तो लगेच सोडला. 2 घ्यायचा की 4, हे ठरवायला एक साधा प्रश्न विचारतात: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगरेट लागते का? लागत असेल तर 4. मला दात घासायच्या आधी लागायची.

आता तक्रार. माझी तक्रार एकच आहे आणि ती चहाची आहे.

पाकिटातल्या कागदावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं की गम तोंडात घालण्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, फळांचा रस, काहीच नाही. एक गम साधारण अर्धा तास चालतो. म्हणजे प्रत्येक गममागे पाऊण तास चहा बंद. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आमचा चहा दहा मिनिटांचा असतो आणि ठरलेल्या वेळीच असतो, तो मागेपुढे करणं माझ्या हातात नाही. आतमध्ये ओढायला बंदी, त्यामुळे चहा झाला की सगळे गेटबाहेर. माझ्या निम्म्याहून जास्त सिगरेटी चहाला बांधलेल्या होत्या. तलफ ज्या क्षणी सगळ्यात जोरात येते, नेमका त्याच क्षणी गम चालत नाही. चहाचा घोट घेऊन लगेच गम चावला तर निकोटिन गालातून आत शिरतच नाही, थुंकीबरोबर पोटात जातं. पोटातून ते लिव्हरमध्ये जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच संपतं. पैसे गेले, तलफ जागच्या जागी.

हे असं का होतं ते समजून घेतलं की गम वापरायला जमतो, म्हणून थोडं सांगतो. निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला तोंडात थोडा अल्कलीपणा लागतो. त्यासाठी गममध्ये सोडियम कार्बोनेटसारखे क्षार घातलेले असतात. चहा-कॉफी-कोल्ड्रिंकच्या आंबटपणाने ते काम बिघडतं. आपल्याकडे तंबाखूला चुना लावतात तो याचसाठी. माझे मामा निफाडचे, सगळं आयुष्य तंबाखू मळण्यात गेलं. त्यांना गमची पट्टी दाखवली तर उलटसुलट बघून म्हणाले, “दाढंखाली धरायची वस्तू आहे ही. चावत काय बसतो?” कागदावर जे चार परिच्छेदांत लिहिलंय ते मामांनी एका वाक्यात सांगितलं. हळूहळू चावायचं, जीभ चुरचुरली, मिरीसारखं तिखट लागलं की थांबायचं, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवायचा. चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं आणि जागा बदलायची.

मामांचं उदाहरण दिलं म्हणून गैरसमज नको. निकोटिन दोन्हींत तेच, पण तंबाखूच्या पानात नायट्रोसमाइन नावाची कॅन्सर करणारी द्रव्यं असतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचं आपल्याकडे एवढं प्रमाण त्या तंबाखू-गुटख्यामुळेच आहे. सिगरेटच्या धुरात टार आणि कार्बन मोनॉक्साइड येतो. गममध्ये शुद्ध केलेलं निकोटिन असतं, हे बाकीचं नसतं. म्हणून निकोटिन निरुपद्रवी आहे असंही नाही. ते नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं, बीपी चढवतं आणि मुख्य म्हणजे सवय तेच लावतं. हार्टचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच गम घ्यावा.

गमचा जन्मही तोंडात तंबाखू धरण्याच्या सवयीतूनच झालाय. 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की पाणबुडीत सिगरेट ओढता येत नाही तेव्हा खलाशी तंबाखू तोंडात धरून भागवतात. त्यांनी ते लिओ या औषध कंपनीतल्या ऊवे फर्नो यांना कळवलं, आणि त्यातून पुढे निकोटिनचा गम तयार झाला. 1978 साली तो पहिल्यांदा स्वित्झर्लंडमध्ये औषध म्हणून मंजूर झाला. आमच्या कारखान्यात आणि पाणबुडीत या बाबतीत फार फरक नाही. फक्त खलाशांच्या चहाच्या सुट्टीचा विचार कोणी केला होता की नाही, हे मला विचारायचंय.

मी यावर काढलेला तोडगा असा. चहाच्या वेळेआधी पाऊण तास गम सुरू करायचा. चहा येईपर्यंत तो संपतो, चूळ भरायची आणि मग चहा. रक्तातलं निकोटिन निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात, त्यामुळे चहाची दहा मिनिटं आधीच्या गमवर निघतात. चहानंतर निदान पंधरा मिनिटं थांबून मगच पुढचा. मी फोनवर गमचे अलार्म लावले, चहाचे नाही. तलफ आल्यावर गम शोधायचा असेल तर तो हरतोच, कारण सिगरेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि गमला वीस-तीस मिनिटं लागतात. कागदावरही सुरुवातीच्या सहा आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक असंच लिहिलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की चहाची ही ओळ प्रत्येक पाकिटाच्या दर्शनी बाजूला, मोठ्या अक्षरांत, मराठीत हवी. सिगरेटच्या पाकिटावर 85 टक्के जागेत इशारा छापता येतो, तर गमच्या पाकिटावर एक ओळ का नाही?

ही ओळ नसल्याने काय होतं ते आमच्या लाइनवरच्या एका मित्राचं बघितलं. केमिस्टने त्याला सांगितलं, साध्या च्युइंग गमसारखा खा. तो खाल्ला, वर चहा. दिवसभर उचक्या, छातीत जळजळ, मळमळ. तिसऱ्या दिवशी पट्टी ड्रॉवरमध्ये आणि तो गेटबाहेर. आता तो सगळ्यांना सांगत असतो की गम फालतू आहे. असे किती जण परत गेले असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं. उचकी हा गिळलेल्या निकोटिनचा परिणाम आहे. गालात नीट धरला तर फारच क्वचित लागते.

पहिल्या महिन्यात माझं स्वतःचं मत गमबद्दल एवढं चांगलं नव्हतं. छातीत धडधड व्हायची, हात थरथरायचे, रात्री झोप नाही. तेव्हा लिहिलं असतं तर दोन स्टारच दिले असते आणि कारण गमच लिहिलं असतं. डॉक्टरांनी विचारलं, चहा किती? पूर्वीइतकाच, मी सांगितलं. मग त्यांनी समजावलं की सिगरेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे लिव्हर कॅफिन लवकर बाहेर टाकतं. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे, म्हणून गम चालू असला तरी तो वेग टिकत नाही. धूर थांबला की काही दिवसांत तो वेग उतरतो आणि तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफिन दुपटीपर्यंत जाऊ शकतं. मी चहा निम्म्यावर आणला. आठवडाभरात धडधड थांबली. सिगरेट सोडताना बेचैन झालेली कितीतरी माणसं आणखी एक चहा मागवतात. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

(हे इथपर्यंत लिहून बाजूला ठेवलं होतं. मध्ये डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी 4 एमजीची चिठ्ठी दिलीच नाही. इतके महिने झाले, आता 2 वरच राहा, म्हणाले. कोर्स तीन महिन्यांचा धरतात, मी तो केव्हाच ओलांडलाय. आणि 2 वर तीन-चार दिवस जड गेले, नंतर जमतंय. म्हणजे केमिस्टच्या नकाराने माझं नुकसान झालं नाही, हे मान्य. टपरीबद्दलचं म्हणणं मात्र तसंच आहे.)

पैशांचं. आमच्याकडे एक गम दहा-बारा रुपयांना पडतो, सिगरेट त्याहून बरीच महाग. पण सुरुवातीला दिवसाला दहा-बारा गम लागतात, त्यामुळे पहिले दोन महिने हातात फारसं काही उरत नाही. बायकोने तेव्हा हिशेब मांडला आणि विचारलं, मग सोडून मिळालं काय? खरी बचत गम कमी करायला लागल्यावर दिसते. आता दिवसाला तीन-चारवर आहे. स्वस्त म्हणून एकदा ऑनलाइन मोठा बॉक्स मागवला, तर एक्स्पायरीला महिनाच उरलेला माल आला. गम कडक, दाताखाली भुगा व्हायचा. परत घ्यायला तयार नव्हते. औषध परत घेत नाही, एवढंच उत्तर. बॅच नंबरचे फोटो पाठवून, रोज फोन करून शेवटी पैसे मिळाले, पण त्या आठवड्यात मी सिगरेटच्या किती जवळ गेलो होतो ते माझं मला माहीत. ही साबणाची वडी नाही, संपली की दोन दिवस थांबता येत नाही. पट्टी संपायच्या आधी पुढची घरात हवी.

फक्त गम पुरेल का? मला नाही पुरला. मधल्या काळात रात्रपाळी आली तेव्हा डॉक्टरांनी निकोटिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) जोडला. दंडावर खाज सुटते, पण दिवसभर रक्तातल्या निकोटिनची खालची पातळी धरून ठेवतो आणि गम वरच्या तलफेला वापरता येतो. पॅच आणि गम एकत्र घेतले तर एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो, हे अभ्यासांतही दिसलंय. नुसत्या निकोटिन उपचारानेही सुटण्याची शक्यता 50 ते 60 टक्क्यांनी वाढते, असं कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा आढावा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध 2009 सालीच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. मग ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवं, असं माझं मत आहे.

सिगरेटच्या पाकिटावर 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो. इतकी वर्षं तो माझ्या खिशात होता. फोन फुकट आहे, मराठीतून बोलतात, आणि विशेष म्हणजे नंतर तेच पुन्हा फोन करून विचारतात. चहाचं वेळापत्रक मांडायची कल्पना तिथल्या ताईंनीच दिली. त्यांना मनापासून धन्यवाद.

बाकी त्रास थोडक्यात: पहिल्या महिन्यात तोंड आलं, पोट साफ होईना, खोकला उलट वाढला. सगळं आपोआप गेलं. वजन चारेक किलो वाढलं, ते अजून उतरलेलं नाही. जबडा दुखतो, विशेषतः एकाच बाजूने चावलं तर. जिना चढताना धाप लागत नाही, आणि आमच्या मुलीला आता माझ्या शर्टाचा वास येत नाही.

घेणार असाल तर आधी एकच पट्टी घ्या, एक्स्पायरी बघा, आणि तुमच्या चहाच्या वेळा कागदावर मांडून मगच पहिला गम उघडा. ज्यांना कवळी किंवा दाताला कॅप असेल त्यांचा गम चिकटतो, त्यांनी डॉक्टरांना लॉझेंजबद्दल, म्हणजे चघळायच्या निकोटिनच्या गोळीबद्दल विचारावं.