दगडाळ जमिनीत स्टंप ग्राइंडिंग: दोन बुडखे, दोन ठेकेदार आणि वर्षभरानंतरचा हिशोब

स्टंप ग्राइंडर, म्हणजे पाडलेल्या झाडाचा जमिनीत उरलेला बुडखा दातेरी चाकाने दळून काढणारं मशीन. त्याचं चाक किती इंचांचं असतं, ट्रॅकवालं मशीन बरं की टायरवालं, हे सगळीकडे वाचायला मिळतं. त्यात मी वेळ घालवत नाही. मी लिहायला बसलो तो पुढच्या लॉनमधल्या खड्ड्यामुळे. गेल्या ऑक्टोबरात पैसे मोजून बुडखा दळून घेतला, वरून माती टाकली, बी पेरलं. एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि त्याच जागी जमीन बसली. लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला तर मूळ पातळीपासून जेमतेम पाच इंचांवर टणक लाकूड. बिलावर आठ इंच छापलेले.

राहतो श्रूसबरीत, वूस्टरला लागून, मॅसॅच्युसेट्समध्ये. इथे ज्यांनी साधं गुलाबाचं रोप लावायला खड्डा खणलाय त्यांना जमिनीबद्दल सांगायला नको. हिमयुगातल्या बर्फाने घासत आणून टाकलेली माती ही. तिच्यात गोटीपासून फ्रिजएवढ्यापर्यंत हवा त्या मापाचा दगड मिळतो. दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि खालचे दगड थोडे थोडे वर येतात. जुन्या शेतकऱ्यांनी वेचून वेचून बांधावर रचलेल्या दगडी भिंती अजून आमच्या मागच्या रानात उभ्या आहेत. अशा जमिनीत वाढलेलं झाड दगडाला वळसा घालतं, नाहीतर त्याला मुळांच्या बेचक्यात धरून वाढत राहतं. ग्राइंडरच्या दृष्टीने बुडखा म्हणजे नुसतं लाकूड नाही, दगड भरलेलं लाकूड.

माझ्याकडे बुडखे दोन. पुढे नॉर्वे मेपल, ज्याच्या विक्रीला या राज्यात २००९ पासून बंदी आहे, पण आधीच्या मालकाने हौसेने लावलेला. मागे ओक, २०१६ चा दुष्काळ आणि त्याच सुमारास लागोपाठ उन्हाळ्यांत पानं फस्त करणाऱ्या स्पंजी मॉथच्या अळ्या, या दोहोंत तो गेला. झाड पाडणारे झाड पाडतात, बुडखा तसाच ठेवतात. तो वेगळा धंदा, वेगळं बिल.

फुकटातले उपाय मीही बघितले, कारण स्वभाव. बुडखा जाळायला इथे परवानगीच नाही. १५ जानेवारी ते १ मे या काळात परवाना घेऊन काटक्या-फांद्या जाळता येतात, त्या यादीतून बुडखे स्पष्ट वगळलेत. दुकानात मिळणारी पोटॅशियम नायट्रेटची पूड भोकं पाडून भरली की लाकूड कुजायला मदत होते म्हणतात, पण ओकसारख्या लाकडाला त्यातही वर्षं जातात. भाड्याचं मशीन आणायचा विचार होता. करार वाचला, त्यात दातांचं नुकसान भाडेकरूच्या माथी. आमच्या मातीत ते मशीन चालवणं म्हणजे दर तासाला स्वतःच्या खिशात हात घालणं. ठेकेदारच बरा.

तेव्हा आई इथे आली होती. रक्कम ऐकून म्हणाली, "अरे, बुडख्याला एवढे पैसे? आपल्या तासगावात लाकूडवाला बुडखा मुळासकट उपटून नेतो आणि वर आपल्यालाच पैसे देऊन जातो." मी म्हटलं, "आई, इथे चुली नाहीत." "मग चूल घाल," असं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली.

असो. पहिली कंपनी मोठी, ट्रकवर नाव रंगवलेली, फोनवर अतिशय गोड. बुडख्याच्या रुंदीच्या दर इंचाला ५ डॉलर. मी बुडख्याचा कापलेला माथा मोजून २८ इंच सांगितले होते. आलेल्या पोराने टेप जमिनीलगत लावला, जिथे मुळं पसरायला लागतात तिथे, आणि म्हणाला ३४. इंचाचा दर असतो तो या रुंद जागेचा, आणि ते सगळीकडे तसंच आहे. पण फोनवर कुणी सांगत नाही. तुम्ही तुमचा टेप जमिनीला टेकवूनच लावा. १७० डॉलर झाले. "दगड लागला तर दातांचे वेगळे पैसे?" असं मी आधीच विचारलं होतं. "नाही, सर, आम्ही दातांचे पैसे घेत नाही." मी खूश. अर्ध्या तासात पोरगा काम आटोपून गेला. मधे एकदा ठण्ण असा आवाज आला, ठिणगी उडाली, त्याने चाक उचललं आणि बाजूला सरकला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एक खडा उडून शेजाऱ्यांच्या गॅरेजच्या दारावर बसला, तेवढं वावगं वाटलं. पत्र्याला पोचा आला नाही म्हणून विषय तिथेच मिटला.

महिनाभरात या कामाचं कौतुक मी चार लोकांना सांगितलं होतं. मग एप्रिल आला, आणि मेमध्ये खड्ड्याच्या कडेने मेपलचे लालसर कोंब. फोटो काढले, खड्ड्यात टेप उभा धरून. ईमेल केला. उत्तर आलं त्यात बिलाच्या मागच्या पानावरचं एक वाक्य होतं, ज्याचा मराठीत अर्थ असा: आठ इंचांपर्यंत, किंवा दगड लागेपर्यंत, जे आधी घडेल ते. या 'किंवा'वर माझा पुढचा पंधरवडा गेला. मी लिहिलं की श्रूसबरीत दगड लागेपर्यंत म्हणजे अंगणात पाय ठेवेपर्यंत. त्यांनी लिहिलं की परत यायचं तर किमान १५० डॉलर, आणि दगडाची अट तशीच. मी लिहिलं की मग ते दीडशेही दगड लागेपर्यंतच देईन. त्यावर उत्तर नाही. महिन्याला एकदा 'आमची सेवा कशी वाटली' हा मेसेज मात्र न चुकता येतो.

दातांचे पैसे न घेणारा ठेकेदार दात का वाचवतो, हे मला त्यानंतर उमगलं. चाकावरच्या प्रत्येक दाताच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं. लाकडात ते दिवसच्या दिवस टिकतं, दगडावर एका फटक्यात कपची उडते. ते पैसे जर ठेकेदाराच्या खिशातून जाणार असतील, तर ठण्ण झालं की चाक उचलणं हा त्याच्या दृष्टीने शहाणपणा. त्याचा खर्च शेवटी आपल्यालाच पडतो, फक्त डॉलरांऐवजी इंचांत.

दुसरा माणूस मागच्या ओकसाठी जूनमध्ये बोलावला. एकटाच, जुनं मशीन, ईमेल वगैरे नाही. त्याचं म्हणणं: इंचाला ८ डॉलर, खोली बारा इंच, आणि तुटलेल्या दाताला १५ डॉलर तुम्ही द्यायचे. हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. बायको म्हणाली, "आधीच्याने दाताचे घेतले नाहीत आणि काय दिवे लावले ते पुढे दिसतंयच." तेव्हा ठरलं.

याच्यातला आणि आधीच्यातला फरक मशीन सुरू व्हायच्या आधीच दिसला. खणण्याआधी ८११ या नंबरला कळवलं की जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून मिळतात. पहिल्या कंपनीने तो फोन मला करायला लावला होता. याने स्वतः केला. म्हणाला, खणणाऱ्यानेच करायचा असतो, शनिवार-रविवार सोडून बहात्तर तास आधी. मग गॅसचा पिवळा, विजेचा लाल, पाण्याचा निळा अशा खुणा लॉनवर आल्या. स्प्रिंकलरचे पाइप मात्र त्यात येत नाहीत, ते आपले खासगी. त्याच्या झेंड्या मला लावायला सांगितल्या. खिडकीच्या बाजूला प्लायवूडचे दोन तक्ते उभे केले. आणि मग मशीनला हात न लावता त्याने कुदळ आणि पहार काढली.

तासभर तो बुडख्याभोवती नुसता खणत होता. माती काढली, होजच्या धारेने मुळं धुतली, फटींत पहार घालून एकेक दगड उचकटला. ओकच्या दोन जाड मुळांच्या मध्ये एक करडा गोटा असा घट्ट बसला होता की लाकडाचा ओठच त्याच्यावर चढला होता. त्याने आधी चेनसॉने तो ओठ कापला, पहारीला खाली दुसऱ्या दगडाचा टेकू दिला, अंगाचा सगळा भार टाकला. कर्र झालं आणि गोटा निघाला. मागे लाकडात त्याचा गुळगुळीत साचा राहिला, आतून ओला आणि काळपट. असे गोटे त्याने कडेला रांगेत मांडून ठेवले. मगच मशीन. चाक उजवी-डावी झुलवत दर फेरीला थोडंच खाली, मध्ये आवाज बदलला की थांबून परत पहार. अख्खी दुपार गेली. शेवटी खड्ड्यात आडवी फळी टाकून टेपने मला खोली दाखवली: मध्यावर बारा, कडेला अकरा. फोटो काढून घ्या म्हणाला.

आता दात. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, घरात कुणी ऐकत नाही. त्याच्या चाकावर गोल दात होते. एका बाजूने धार गेली की नट सैल करून दात फिरवायचा, दुसरी धार मिळते. असा एकच दात तीनदा कामाला येतो. म्हणजे बोथट दात हा तुटलेला दात नाही. करार तुटलेल्याचा होता. त्याने सहा सांगितले. मी गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात चाक तपासलं. पाच दातांची कपची स्पष्ट उडालेली, नख लावलं तरी कळावी. सहाव्याची धार गोल झालेली, कार्बाइड शाबूत. मी म्हटलं हा फिरवून चालेल. तो म्हणाला यात बारीक तडा आहे. मला तडा दिसला नाही. त्याने चष्मा पुढे केला, तरी दिसला नाही. १५ डॉलरचा प्रश्न होता, कबूल, पण तत्त्वाचाही होता. शेवटी मी सहाचे ९० दिले आणि सहावा दात मागून घेतला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. ऑफिसमधल्या मेकॅनिकल इंजिनीअरला भिंगाखाली दाखवला. त्याच्या मते ती रेघ तडाही असू शकते, ओरखडाही.

बिल: ३६ इंच, २८८ डॉलर, अधिक ९०. म्हणजे ३७८. पहिल्याच्या दुपटीहून जास्त, आणि तरी तीन महिन्यांनंतर माझं मत असं आहे की दगडाळ जमिनीत हाच सौदा परवडतो. जाताना त्याला पुढचा मेपलही दाखवला. आधीच्या पोराला जो 'दगड' लागला होता तो खालचा सलग खडक असेल अशी माझी समजूत होती. कंपनीनेही तेच सुचवलं होतं. याने पहार दोन-तीनदा टोचून आवाज ऐकला आणि म्हणाला सलग खडकाचा आवाज असा नसतो. दहा मिनिटांत नारळाएवढा धोंडा बाहेर. त्याच्यासाठी आठाचे पाच इंच झाले होते. तेवढ्या भागाचे ८० डॉलर घेऊन त्याने तोही खाली नेला. तिथे दात एकही तुटला नाही, हे मी स्वतः तपासलंय.

चिप्सबद्दल, म्हणजे दळून निघालेल्या लाकडाच्या भुग्याबद्दल, थोडं. ढीग बुडख्यापेक्षा कितीतरी मोठा होतो आणि बहुतेक लोक तोच खड्ड्यात ढकलून वर माती पसरतात. पहिल्या वेळी आमच्याकडेही तेच झालं. चिप्स कुजताना बसतात आणि मातीतला नायट्रोजन ओढून घेतात, म्हणून वरचं गवत पिवळं पडतं, आमचं पडलंच. ओकच्या खड्ड्यातून मी फावड्याने जमेल तेवढ्या चिप्स उपसल्या आणि निव्वळ टॉपसॉइल (वरच्या थराची माती) भरली, तुडवत तुडवत. उपसलेल्या चिप्स मागच्या कुंपणाजवळ आहेत. त्या कुणाला द्यायच्या म्हटलं तर आमच्या भागात आणखी एक भानगड आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये वूस्टरमध्ये आशियाई लाँगहॉर्न हा झाडं पोखरणारा भुंगा सापडला, त्यापायी तीस हजारांहून जास्त झाडं गेली, आणि वूस्टर, श्रूसबरी, बॉइलस्टन धरून सुमारे ११० चौरस मैलांचा पट्टा निर्बंधाखाली आला. मेपल, बर्च, एल्मसारख्या झाडांचं लाकूड, बुडखे, मुळं असं काही विनापरवाना पट्ट्याबाहेर न्यायचं नाही. पहिल्या कंपनीचा पोरगा ४० डॉलर दिले तर मेपलचा भुगा, मुळांचे तुकडे सगळं घेऊन जातो म्हणाला होता; कुठे, ते विचारल्यावर त्याने दुसऱ्याच गावाचं नाव घेतलं. परवान्याचा कागद त्याच्याकडे असेलही. दाखवला नाही.

आजची स्थिती: ओकच्या जागी ऑगस्टअखेर पेरलेलं गवत बोटभर आलंय, जमीन जराशी बसली, अर्ध्या इंचाहून जास्त नाही. मेपलच्या बाजूला लॉनमध्ये लांब गेलेल्या मुळांतून अजून एखाद-दुसरा कोंब येतो. तो मॉवरखाली जातो. ओकच्या कडेला पावसानंतर तपकिरी छत्र्या उगवल्या. जमिनीत उरलेली मुळं कुजताहेत, त्याचा दोष दळणाऱ्याकडे जात नाही. गोट्यांची रांग बायकोने कुंड्यांभोवती लावून टाकली.

बुडखा दळून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी इतकंच: खोली किती, ती कुठल्या पातळीपासून आणि मोजून दाखवणार का, हे आधी लिहून घ्या. बिलाचं मागचं पान वाचा. 'किंवा' शोधा. आणि दातांचे पैसे घेणाऱ्याला घाबरू नका, मात्र चाक आधी आणि नंतर स्वतः बघा, फोटोसकट.

पहिल्या कंपनीला दीड तारा, त्यातला अर्धा फोनवरच्या गोड बोलण्याचा. दुसऱ्याला साडेचार. कापलेला अर्धा सहाव्या दाताचा.