‘ड्यून : भाग दोन’ की ‘अनोरा’?

दोन्ही चित्रपट २०२४चे. पहिल्याचा खर्च सुमारे १९ कोटी डॉलर, दुसऱ्याचा जेमतेम ६० लाख.

‘ड्यून’ बघायचा तर मोठ्या पडद्यावरच. नायक पॉल पहिल्यांदा वाळूतल्या अजस्र किड्यावर स्वार होतो, तेव्हा आवाज छातीत घुमतो. आखाड्यातली झुंज इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपली आहे, त्यामुळे माणसं पांढरीफटक, मेणाची वाटतात. ध्वनी आणि दृश्य-परिणामांची ऑस्कर मिळाली ती रास्तच. पण पॉल आणि नायिका चानीचं प्रेम? पटकथेत लिहिलंय म्हणून जमतं, एवढंच.

‘अनोरा’ची सुरुवात मला ताणलेली वाटली. पार्ट्या, पैसा, पुन्हा पार्ट्या. मग लग्न, आणि सासरच्यांनी पाठवलेली माणसं बंगल्यात शिरतात, नवरा धूम ठोकतो आणि नायिका अनी एकटी सापडते. लाथा, चावे, एकाचं नाक फुटतं. आपण खो-खो हसतो आणि लगेच ओशाळतो, कारण समोर एका मुलीला जबरदस्तीने धरून ठेवलंय. हे दृश्य लवकर संपतच नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. या गोंधळात फारसं न बोलणारा इगॉर, त्या माणसांपैकीच एक, मात्र नजरेतून सुटू देऊ नका. दिग्दर्शक शॉन बेकरने संकलनही स्वतःच केलंय. उत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर त्या एकट्याला मिळाली.

माझं मत ‘अनोरा’ला. घरी टीव्हीवर बघितला तरी त्याचं फारसं काही बिघडत नाही. ‘ड्यून’चं अर्धंअधिक बिघडतं.