आधार-कार्यक्रम जोखायचा कसा: पालकांना विचारून की गट पाडून?

दत्तक कुटुंबांसाठीचा आधार-कार्यक्रम संपला की पालकांच्या हाती फॉर्म द्यायचा, ही सोपी वाट. ‘मूल आता दार आपटून कोंडून घेत नाही’ असं कुणी लिहितं. ते आकड्यांत सापडत नाही. पण गोम अशी, की कुटुंबं मदतीला येतात तीच अगदी टेकीला आल्यावर. पुढे थोडा उतार आपोआपही पडतो आणि श्रेय कार्यक्रमाला जातं. मधेच गळालेले तर फॉर्म भरतच नाहीत.

दुसरी वाट चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्याची: एकाला मदत आत्ता, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. आपोआप पडणारा उतार दोन्हीकडे सारखाच, म्हणून मधल्या काळात दिसणारा फरक कार्यक्रमाचा. खर्चिक आहे, थांबवलेल्यांपुढे ओशाळंही वाटतं. तरी मला हीच पटते. फक्त ‘कुटुंब तुटलं का’, म्हणजे दत्तक मूल घराबाहेर गेलं का, एवढंच मोजू नये. तसं क्वचित घडतं, छोट्या गटांत फरक दिसणारच नाही. पालकांचा ताण, मुलाची झोप मोजा.