कुंडीतला गवती चहा: अकरा महिन्यांनंतर

पहिलं रोप फसलं, तिथूनच सुरुवात करते. गेल्या वर्षी मे महिन्यात जवळच्या नर्सरीतून ८० रुपयांना गवती चहाचं रोप आणलं. पात चुरगळली की लिंबाचा वास, त्यामुळे शंका आली नाही. चहात घातली तर फरशी पुसायच्या लिक्विडचा घमघमाट! नवऱ्याने कप न बोलता ओट्यावर ठेवून दिला. बुंध्याशी दांडे लालसर-जांभळे होते, तेव्हाच ओळखायला हवं होतं. तो सिट्रोनेला. भाऊबंदच, पण डासांच्या तेलात जाणारा. आपल्या गवती चहाचा बुंधा फिकट हिरवा-पांढरा असतो. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणे, "सेमच असतं हो मॅडम."

मग जूनमध्ये आत्या चिपळूणहून आली ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार ठोंब घेऊन. तिच्याकडे हा मोरीच्या पाण्यावर, अळवाच्या शेजारी आपोआप माजतो. याला फुलोरा क्वचितच येतो, बी तर मिळतच नाही. ठोंब फोडूनच लावायचा. म्हणजे घरोघरचा गवती चहा कुणाच्या तरी परसातून मागून आणलेलाच. पाती वीतभर ठेवून छाटल्या, १२ इंची कुंडीत माती, शेणखत आणि थोडी वाळू घालून लावले. दोन आठवड्यांत मधून कोवळे कोंब वर आले.

माझी चूक पुढे झाली. झाड वाढावं म्हणून मी कापायचंच टाळलं. दिवाळीपर्यंत पाती लोंबून दोरीवरच्या कपड्यांना लागायला लागल्या, टोकं वाळली, आतून जुना पाचोळा साचला, काही पातींवर तांबेऱ्याचे ठिपके. फोनवर आत्या वैतागली, "अगं, गवत आहे ते! काप की सरळ." चार बोटं ठेवून सगळं उडवलं. थंडीत जरा रेंगाळलं, पण फेब्रुवारीपासून असं फुटलं की आता दर दोन-तीन आठवड्यांनी कापते. ऊन पाच तास मिळतं. उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, मात्र खालच्या ताटलीत साचू द्यायचं नाही, मुळं कुजतात.

कापताना कात्रीच वापरा. पातीची कड ब्लेडसारखी असते. बोटाला चिरा दिसतही नाहीत, लिंबू पिळायला घेतलं की कळतात.

चहाचं म्हणाल तर दोन कपांना तीन पाती, गाठ मारून. तुकडे केले की गाळणीत अडकतात. आधी मी आल्याबरोबर दहा मिनिटं खळखळ उकळायचे. आता आलं आधी, पाती शेवटी, गॅस बंद करून झाकण. याच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल, म्हणजे लिंबाचा वास देणारं द्रव्य, असतं आणि तो वास वाफेबरोबर उडून जातो. उकळत बसलात तर स्वयंपाकघर सुगंधी, चहा फिका. सावलीत वाळवून बरणीतही भरून पाहिला. दोन महिन्यांत बरणीत नुसतं गवत उरलं. त्यापेक्षा धुऊन, कोरडा करून डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवलेला बरा. थाई करीसाठी बुंधे वापरले, पण कुंडीतले दांडे पेन्सिलीएवढे. वास मिळाला, गर नाही.

सर्दीत मिरी-तुळस घालून काढा घेते. घसा शेकतो, बरं वाटतं. सर्दी मात्र तिच्या वेळेनेच जाते. आणि बाल्कनीत झाड असलं की डास येत नाहीत, हे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. परवा संध्याकाळी याच झाडाच्या पातीवर एक निवांत बसलेला होता.

आता कुंडी मुळांनी गच्च भरली आहे, पाणी घातलं की वरच तरंगतं. पाऊस लागला की गड्डा उपटून फोडणार. दोन ठोंब वॉचमनकाकांनी आधीच सांगून ठेवलेत, एक समोरच्या काकूंना. सिट्रोनेला अजून जिन्यात उभा आहे, हवा असेल तर तोही घेऊन जा.