गोल्फचा पटर ३३ इंची घ्यावा की ३५ इंची?

पटर म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलायची काठी. दुकानात बहुधा ३४-३५ इंचीच पटर समोर ठेवतात. म्हणून तोच आपल्याला बसेल असं नाही. सारवलेल्या अंगणात चेंडू ठेवा, कमरेतून वाका, हात खांद्याखाली सैल सोडा. डाव्या डोळ्याखालून गवंड्याचा ओळंबा सोडला, तर तो चेंडूवर किंवा बोटभर अलीकडे यावा. याच ठेवणीत पटरसारखी तिरपी तुराटी धरा, मुठीच्या वर दोन बोटं सोडून कापा आणि टेपनं मोजा.

जास्त वाकणाऱ्याला ३३ बरा. त्याला ३५ दिला की कोपरं फाकतात, चेंडू पायांपासून लांब जातो, पटरच्या डोक्याचं पुढचं टोक उचलतं. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू मग डावीकडे सरकतो. ताठ उभा राहणारा किंवा वाकल्यावर कंबर धरते असा असेल, तर ३५. उंचीवर जाऊ नका, सहा फुटी माणसालाही ३३ बसतो.

३५ चा ३३ करताना दांडी वरून कापतात. पण पटरचं डोकं हातात हलकं लागतं, लांबचे पट, म्हणजे पटरचे फटके, आखूड पडतात. डोक्याच्या खाली शिशाची पट्टी चिकटवावी लागते. कापलेली दांडी काही वाढत नाही, तेव्हा आधी आठवडाभर मूठ दोन इंच खाली धरून खेळा.