एकच पेशंट, दोन टेबलं: इस्पितळाची एमआरडी की अमेरिकन कोडिंग?

बीएस्सी किंवा नर्सिंग झालेल्या गोव्यातल्या मुली हल्ली हमखास विचारतात: इथल्या इस्पितळाच्या एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात, चिकटू, की सीपीसी ही अमेरिकन कोडिंगची परीक्षा देऊन घरबसल्या अमेरिकन पेशंटांचे चार्ट घेऊ? पगाराचं नंतर बघू, आधी काम बघा: केसपेपर वाचून आजाराला आणि उपचाराला ठरलेला कोड लावायचा. मी आयव्हीएफचा पेशंट घेते, कारण दोन्हींतला फरक तिथे लख्ख दिसतो.

अंडी वाढवायची इंजेक्शनं झाली, ट्रिगर (अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) दिला, अंडी काढली आणि चौथ्या दिवशी बाई पोट फुगून, धापा टाकत दाखल. ओएचएसएस, म्हणजे इंजेक्शनांनी अंडाशयं प्रमाणाबाहेर उत्तेजित झाली. दोन्ही टेबलांवर मुख्य कोड एकच, एन९८.१. हा कोड सौम्य आणि गंभीर असा भेदच करत नाही. बाई किती आजारी होती ते सोबतचे कोड सांगतात: पोटातलं पाणी, छातीतलं पाणी, रक्ताची गुठळी. ते गाळणारा कोडर माझ्या लेखी अर्धंच काम करतो.

वाटा फुटतात त्या इथे. एमआरडीत जागतिक आरोग्य संघटनेची आजारांच्या कोडची यादी, आयसीडी-१०, चालते. पोटातल्या पाण्याला आर१८ लिहिलं की झालं. त्याच यादीच्या अमेरिकन सीएम आवृत्तीत कर्करोगाचं पाणी आर१८.० आणि बाकीचं आर१८.८. शिवाय पाणी काढल्याचा सीपीटी कोड, म्हणजे केलेल्या प्रक्रियेचा कोड, वेगळा: सोनोग्राफीत बघून काढलं तर ४९०८३, न बघता काढलं तर ४९०८२.

ट्यूबमधला, म्हणजे गर्भनलिकेतला, गर्भ आणखी बोलका. आयव्हीएफनंतर राहिला तरी तो एन९८ मध्ये जात नाही, ओ००.१ मध्ये जातो. एमआरडीत तेवढ्यावर भागतं. सीएममध्ये उजवी ट्यूब ओ००.१०१, डावी ओ००.१०२; आणि त्याच वेळी गर्भाशयातही गर्भ असेल, जे आयव्हीएफमध्ये एरवीपेक्षा जास्त आढळतं, तर ओ००.१११ किंवा ओ००.११२. डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल तर क्वेरी, म्हणजे त्यांना लेखी प्रश्न, टाकून वाट बघा.

फोंड्यात नवी होते तेव्हा सोनोग्राफीत ‘मल्टिपल सिस्ट्स’ वाचून मी अशाच एका बाईला एन८३.२ लावला, अंडाशयाच्या गाठींचा. वॉर्डातल्या सिस्टरने केसपेपर उलटून ट्रिगरच्या इंजेक्शनवर बोट ठेवलं. “ही गांठ न्हय गो, दिल्ल्या इंजेक्शनांचो परिणाम.” अमेरिकन कामात अशी सिस्टर जिना चढून येत नाही. समोर पीडीएफ असतं आणि दिवसाचं टार्गेट.

एमआरडीची खरी कटकट म्हणजे विमा. विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरावीक अपवादांत, म्हणजे विमा न मिळणाऱ्या गोष्टींत, एक्सक्ल १७ वंध्यत्वाच्या उपचारांचा. त्यामुळे एन९८.१ दिसला की क्लेम अडकायची भीती, आणि नातेवाईक काउंटरवर येतात: “मॅडम, नुसतं पोटात पाणी असं लिवा ना.” लिहायचं नाही. अंडी देणाऱ्या बाईचं तर उलटच. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे तिच्यासाठी १२ महिन्यांचा विमा काढावा लागतो; तिथे हा कोड लपवला तर नुकसान तिचंच.

सीपीसीची परीक्षा १०० प्रश्नांची, ४ तासांची, ७० टक्क्यांना पास, पुस्तकं उघडी ठेवून. अनुभव नसेल तर पदवीला अ‍ॅप्रेंटिसचं ‘ए’ चिकटतं.

केसपेपर कधी हातात धरला नसेल तर एक वर्ष एमआरडीत काढाच. नर्सिंग झालं असेल, वॉर्ड बघितला असेल, तर ते वर्ष घालवू नका, सरळ सीएम घ्या. सत्तरी तालुक्यात राहत असाल तर आधी इन्व्हर्टरचं बघा. पावसाळ्यात वीज गेली म्हणून टार्गेट कमी होत नाही.

आणि सीनियरचं जुनं पुस्तक फुकट मिळतंय म्हणून त्यावर अभ्यास करू नका. सीएमचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात. ट्यूबची उजवी-डावीसुद्धा २०१७ च्या ऑक्टोबरात आली.