शेवटच्या नळाचे पाणी : आमच्या भागातील पाणी तपासणीच्या सेवेचा अनुभव

बेळगावच्या वडगाव भागातील आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांआड येते आणि आमचे घर गल्लीच्या, म्हणजेच जलवाहिनीच्याही, अगदी टोकाला आहे. पाणी किती वेळ आले याची चर्चा घरोघरी होते, परंतु ते तपासले कसे जाते याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात या सेवेचा जो अनुभव आला, तो चांगल्या-उण्यासह येथे नोंदवत आहे.

जुलैमध्ये नळाला सुरुवातीचे दोन-तीन घागरी पाणी गढूळ आणि वासाचे येऊ लागले. मार्कंडेय नदीवरचे राकसकोप जलाशय पहिल्या मोठ्या पावसात भरू लागले की पाण्याला तांबूस छटा येते, हे बेळगावकरांच्या अंगवळणी पडलेले आहे, त्यामुळे एकदा आम्ही दुर्लक्ष केले. पण पावसाच्या मातीचा रंग आणि गटाराचा वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या आजींना जुलाब सुरू झाले तेव्हा मी फोन करून तक्रार नोंदवली. नमुना नळाला पाणी असतानाच घ्यावा लागतो, त्यामुळे माणूस येण्यास चार दिवस लागले हे मी समजू शकते. मात्र तोपर्यंत पाणी उकळून प्या, एवढे एक वाक्य तक्रार घेणाऱ्याने सांगितले नाही, ही चूक लहान नाही.

प्रत्यक्ष तपासणी मात्र मन लावून केलेली पाहिली. प्रयोगशाळेतून आलेल्या तरुण मुलीने पहिलीच गोष्ट विचारली, "काकू, हा नळ टाकीचा की थेट रस्त्यावरून येणारा?" टाकीतले पाणी तपासले तर दोष टाकीचा की वाहिनीचा हे कळत नाही, म्हणून तिने अंगणातला थेट नळ निवडला, त्याला लावलेली रबरी नळी काढायला लावली, तोंड स्पिरिटने पुसले आणि दोन-तीन मिनिटे पाणी वाहू दिले. मग एका छोट्या काचनळीत पाणी घेऊन तिने डीपीडीची गोळी टाकली. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर गुलाबी रंग येतो आणि तो जितका गडद तितके क्लोरीन अधिक. आमच्या पाण्याला रंग आलाच नाही. ती काचनळी उजेडासमोर धरून तिने मला आणि आजींच्या सुनेलाही दाखवली. पूर्वी ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग पाहत असत; ते रसायन अपायकारक मानले जात असल्याने ती पद्धत मागे पडते आहे, हे योग्यच आहे.

त्यानंतर तिने कागदात गुंडाळलेली निर्जंतुक बाटली काढली. मी ती विसळून देऊ लागले तेव्हा तिने घाईने अडवले. बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट असते. ते पाण्यातल्या क्लोरीनचा परिणाम तिथेच थांबवते, नाहीतर प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेत जंतू मरून अहवाल खोटाच चांगला येतो. बाटली काठोकाठ न भरता, वर थोडी जागा ठेवून, बर्फाच्या पेटीत गेली.

या सेवेचे मूल्यमापन कशावरून करावे, हे मला त्या दिवशी उमगले. जंतूंची तपासणी पूर्ण व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणजे दोष कळेपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. भारतीय मानक आयएस 10500 : 2012 प्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू, मुळीच आढळता कामा नयेत आणि शिल्लक मुक्त क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर असावे. यातील पहिली कसोटी झालेली चूक सांगते, तर दुसरी चूक घडत असतानाच सावध करते. हे क्लोरीन जलकुंभापाशी नव्हे, शेवटच्या नळाला मोजले पाहिजे, कारण पाणी बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि सांध्यांतून, भेगांतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. हुबळी-धारवाडमध्ये झालेल्या एका अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या नळांचे जवळजवळ एक तृतीयांश नमुने ई-कोलायने दूषित निघाले होते, तर चोवीस तास पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. दोन्हीकडे जलशुद्धीकरण सारखेच होते. फरक वाहिनीत दाब कायम राहण्याचा होता.

आमच्याकडेही दोष वाहिनीतच निघाला. गटारातून गेलेली जुनी लोखंडी जोडणी गंजून तिला भोक पडले होते. ती बदलून वरून नेण्यात आली, वाहिनी धुतली गेली आणि नंतर पुन्हा नमुना घेण्यात आला. दुरुस्ती करून निघून न जाता पुन्हा तपासायला येणे, याबद्दल मी या मंडळींना पूर्ण गुण देते.

गुण कापते ते अहवालासाठी. पहिल्या नमुन्याचा निकाल मला तिसऱ्यांदा फोन केल्यावर, तोही तोंडी, "पाणी बरोबर नव्हते" एवढाच कळला. किती जंतू, किती क्लोरीन, याचा कागद मिळाला नाही. पुढे मागणी केल्यावर मिळालेला कागद फक्त कन्नडमध्ये होता. मला कन्नड वाचता येते, आजींना येत नाही. आणि ज्यांच्या पोटात ते पाणी गेले त्यांना तो निकाल त्यांच्या भाषेत कळणे हा तपासणीचाच भाग आहे, असे मी मानते. नमुने घेण्याची नेहमीची ठिकाणे विचारली, तेव्हा बहुतेक ठिकाणे मोठ्या रस्त्यांवर, जलकुंभाच्या जवळच असल्याचे समजले.

सप्टेंबरमध्ये आमच्या नळाला फिकट गुलाबी रंग आला, 0.3 ची नोंद झाली. नमुन्याच्या ठिकाणांच्या यादीत आमच्या गल्लीचे शेवटचे घर घालावे, असा अर्ज मी कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत दिला आहे. पाणी पहाटे पाचला आले तरी नळ उघडून देण्याची जबाबदारी त्यात माझ्या नावाने लिहिली आहे.